शिक्का निबंधावर, पण विदा कुणी पाहिली?

दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांचा एक निबंध ३१ जानेवारी २०२० रोजी ‘बायोआर्काइव्ह’ या संकेतस्थळावर आला. नव्या करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनात एचआयव्हीशी मिळतेजुळते चार तुकडे आहेत आणि हा निव्वळ योगायोग वाटत नाही, असा त्याचा सूर होता. निबंधाचे परीक्षण झालेले नव्हते. तो ‘प्रीप्रिंट’ होता, म्हणजे नियतकालिकाने स्वीकारण्याआधीच सर्वांसाठी खुला केलेला मसुदा. इतके आखूड तुकडे इतर असंख्य सजीवांच्या प्रथिनांतही सापडतात, हे जगभरच्या अभ्यासकांनी लगेच दाखवून दिले. २ फेब्रुवारीला लेखकांनी निबंध मागे घेतला.

त्याच वर्षी २२ मे रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये दुसरा निबंध छापून आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या करोना रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, हा त्याचा निष्कर्ष. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण एवढा त्याचा पसारा होता. नियतकालिक नामवंत, परीक्षणही रीतसर झालेले. जागतिक आरोग्य संघटनेने अवघ्या तीन दिवसांत या औषधाची आपली चाचणी स्थगित केली. पण ही सारी विदा ‘सर्जिस्फिअर’ नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीकडून आली होती आणि परीक्षकांनी ती पाहिलेलीच नव्हती. ऑस्ट्रेलियातील मृत्यूंचा निबंधातला आकडा तिथल्या सरकारी आकड्यापेक्षा मोठा निघाला, तेव्हा शंका वाढल्या. शंभरहून अधिक शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहिले. स्वतंत्र तपासणीसाठी कंपनी विदा देईना, म्हणून चारपैकी तीन लेखकांनीच माघार घेतली आणि ४ जूनला निबंध रद्द झाला.

परीक्षण न झालेला निबंध दोन दिवसांत कोसळला. परीक्षण झालेला तेरा दिवस टिकला आणि तेवढ्यात एक जागतिक चाचणी थांबवून गेला. फरक कशाचा? पहिल्या निबंधातील जनुकीय क्रम सार्वजनिक होते, कुणीही संगणकावर ते पडताळू शकत होते. दुसऱ्याची विदा कुलूपबंद होती.

परीक्षक काय तपासतो?

‘पिअर रिव्ह्यू’ झाला म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या विषयातील दोन-तीन जाणकार, बहुधा विनामोबदला, आपल्या कामातून सवड काढून निबंध वाचतात. पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष पुराव्याबाहेर जातो का, हे ते पाहतात. मूळ आकड्यांची फाइल उघडून गणित पुन्हा करणारा परीक्षक विरळाच. बऱ्याचदा ती फाइल त्याला दिलेलीच नसते. म्हणजे हिशेबतपासनिसाने ताळेबंद वाचायचा, पावत्या मात्र मागायच्या नाहीत!

‘रास्त विनंती केल्यास विदा उपलब्ध करून देऊ’ हे वाक्य आता बऱ्याच निबंधांच्या शेवटी असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी तयारी दर्शवणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच पत्रे पाठवली गेली. विदा मिळाली ती १२२ जणांकडून. बाकीच्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही. हे वाक्य छापण्यापेक्षा न छापलेले बरे.

मग मसुदे निर्धोक आहेत का?

नाहीत. एचआयव्हीवाला निबंध मागे घेतल्यावरही ‘विषाणू प्रयोगशाळेत बनला’ म्हणणाऱ्यांच्या हाती तो कितीतरी महिने राहिला. खंडन कधीच मूळ दाव्याइतके फिरत नाही. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून ‘अर्काइव्ह’वर मसुदे टाकत आले आहेत, पण तिथल्या चुकीमुळे सहसा कुणाचे औषध बदलत नाही. वैद्यकातील मसुद्याला वेगळी सावधगिरी हवी आणि ‘परीक्षण झालेले नाही’ हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात सांगण्याची जबाबदारी वृत्तपत्रांचीही आहे.

तरीही उपाय मसुदे रोखणे हा नव्हे, त्यांचे परीक्षण उघड्यावर आणणे हा आहे. ‘ईलाइफ’ या नियतकालिकाने २०२३ पासून तसे सुरू केले. परीक्षणासाठी घेतलेल्या मसुद्यावर ‘स्वीकृत’ वा ‘नाकारला’ असा निवाडा न देता परीक्षकांचे अभिप्राय निबंधासोबतच छापायचे. किंमतही मोजावी लागली: त्याचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ गेला. ज्या देशांत नोकरी आणि बढती या आकड्यावर ठरते, तिथला तरुण संशोधक अशा ठिकाणी निबंध कशाला पाठवेल?

आपला देश त्यांपैकीच. बोगस नियतकालिकांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी केली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली आणि दर्जा ठरवण्याचे काम संस्थांवर सोपवले. यादी असो वा नसो, मोजले जाते ते निबंध कुठे छापला हेच. दुसऱ्याचा मसुदा बारकाईने तपासून त्यातली चूक दाखवणाऱ्या प्राध्यापकाच्या खात्यात काय जमा होते? जवळजवळ काहीच नाही.

त्यात आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. ज्या ‘सरां’च्या मसुद्यात चूक दिसते, तेच उद्या मुलाखतीच्या समितीवर असतात. त्यामुळे परीक्षकाने नाव उघड केलेच पाहिजे, हा खुल्या विज्ञानातील काहींचा आग्रह इथे अंगलट येईल. अभिप्राय सर्वांना दिसावा. नाव द्यायचे की नाही, हे परीक्षकाला ठरवू द्यावे.

रुग्णांच्या खासगीपणाचा आक्षेप खरा आहे, पण तो विदा जगजाहीर करण्याला लागू होतो. नावे काढून, सुरक्षित यंत्रणेत, दोन परीक्षकांना ती दाखवणे अशक्य नाही. सर्जिस्फिअर प्रकरणात एवढे केले असते तरी निबंध छापला गेला नसता.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यातून सुमारे १३ हजार नियतकालिके आपल्या विद्यार्थ्यांना वाचायला मिळतील. ही सोय मोठी आहे. पण यातली बरीच नियतकालिके ज्यांच्या फुकट परीक्षणावर चालतात, त्यांत आपले प्राध्यापकही आहेत. या रकमेचा अगदी छोटा भाग विद्यापीठांतील विदा-भांडारांसाठी आणि विदा तपासणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांच्या पगारासाठी वेगळा काढावा, अशी मागणी विद्यापीठांनी आता करायला हवी.