मोजायचं काय? रांगेतल्यांना विचारा!

घरात कुणाची कॅन्सरची तपासणी सुरू झाली की फाइल कुणाच्या हातात येते? बहुतेकदा घरातल्या तरुण पोराच्या, नाहीतर पोरीच्या. केसपेपर, बायोप्सी, रिपोर्ट, पुन्हा रांग. कुठे किती दिवस वाया गेले, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पण त्यांना विचारतं कोण?

इंग्लंडमध्ये विचारलं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा जुना नियम होता : कॅन्सरचा संशय आला की दोन आठवड्यांत तज्ज्ञ डॉक्टरांची भेट. भेट झाली की कागदावर काम फत्ते; पुढे रिपोर्टसाठी पेशंट ताटकळला तरी या नियमात ते दिसायचं नाही. २०२२ मध्ये बदलाचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवून मतं मागवली गेली. ऑक्टोबर २०२३ पासून तो नियम गेला. आता मोजतात ते हे, की कॅन्सर आहे की नाही ते पेशंटला २८ दिवसांत कळलं का? तिथल्या रांगा त्याने संपल्या नाहीत, पण उशीर आता लपत नाही.

आपल्याकडे किती मशिन्स आली, किती खाटा वाढल्या, याच्या बातम्या होतात. पहिल्या तपासणीपासून पहिल्या केमोपर्यंत किती दिवस गेले, किती खेपा झाल्या, हे कुठल्या हॉस्पिटलच्या बोर्डावर लावलेलं पाहिलंय कधी?

परळच्या टाटा हॉस्पिटलच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं आहे; देशभरातली शेकडो केंद्रं त्यात आहेत. ही मोजणी तिथून सुरू करता येईल. फक्त काय मोजायचं हे ठरवताना डॉक्टर-अधिकाऱ्यांच्या शेजारी फाइल घेऊन फिरणारी एखादी पोरगीही बसवा. तिला सगळ्या तारखा तोंडपाठ असतात.