बिलात २४० चे ३५१ का होतात?

दुकानातील कॉम्प्युटरच्या पडद्यावर बिलाची रक्कम २४० रुपये दिसते, पण प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर ३५१ छापलेले असते. गिऱ्हाईक हुज्जत घालते, मालक बिल करणाऱ्या मुलाला बोल लावतो आणि कुणीतरी नवा प्रिंटर घेण्याचा सल्ला देतो. वास्तविक यात चूक ना मुलाची असते, ना प्रिंटरची. दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या केबलमधील एक बारीकशी तार तुटली, तरी एवढा गोंधळ होऊ शकतो.

घरातले नवे प्रिंटर आता यूएसबीने किंवा तारेविना जोडले जातात. परंतु एकाच फटक्यात कार्बनच्या तीन-चार प्रती काढणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दुकाने, गोदामे आणि मालवाहतुकीची कार्यालये येथे अजूनही खडखडत असतात. त्यांतील अनेकांच्या पाठीमागे जाडजूड केबलची जुनी जागा आहे. तिलाच पॅरलल पोर्ट, म्हणजे समांतर पोर्ट म्हणतात.

आठ तारा, एक अक्षर

ही पद्धत अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आपल्या प्रिंटरबरोबर आणली. त्या जोडणीत ३६ टोके होती. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी हीच पद्धत घेतली, पण कॉम्प्युटरच्या बाजूला २५ पिनांचा पोर्ट ठेवला. म्हणूनच या केबलची दोन टोके वेगवेगळी दिसतात.

या २५ पिनांची कामे वाटून दिलेली आहेत. आठ पिना मजकूर नेतात, चार पिना प्रिंटरला हुकूम देतात, पाच पिना प्रिंटरचे उत्तर परत आणतात आणि उरलेल्या आठ ‘ग्राउंड’च्या असतात.

कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर किंवा अंक शून्य आणि एक यांच्या आठ खुणांत लिहितो. तारेत सुमारे पाच व्होल्टचा दाब असला की एक, जवळजवळ काहीच नसला की शून्य. आठही खुणा आठ तारांवरून एकाच वेळी, शेजारी शेजारी धावतात. म्हणून हा पोर्ट समांतर.

आता २४० कडे वळू. २ या अंकाची खूण आहे ००११००१० आणि ३ ची ००११००११. फरक फक्त शेवटच्या घरात आहे. त्या घराची तार, म्हणजे दोन नंबरच्या पिनेची तार तुटली, तर बरेच प्रिंटर तेथे कायम एकच आहे असे समजतात. मग २ चा ३ होतो, ४ चा ५ आणि ० चा १. विषम अंकांच्या शेवटी मुळातच एक असतो, त्यामुळे ते बदलत नाहीत. १३५ रुपयांचे बिल अगदी बिनचूक येते आणि दोष चटकन ध्यानात येत नाही. खरा धोका हाच आहे.

घ्या, थांबा, मिळाले

कॉम्प्युटर या पोर्टातून सेकंदाला लाखाहून अधिक अक्षरे पाठवू शकतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र सेकंदात काहीशे अक्षरे छापतो. दोघांचा मेळ बसतो तो इशाऱ्यांमुळे.

कॉम्प्युटर आधी आठ तारांवर अक्षर मांडतो आणि मग ‘स्ट्रोब’ नावाच्या तारेवरचा दाब क्षणभर खाली आणतो. हा क्षण सेकंदाच्या वीस लाखाव्या भागाएवढा असला तरी पुरतो. त्याचा अर्थ, ‘अक्षर तयार आहे, घ्या.’ प्रिंटर लगेच ‘बिझी’ची तार वर करतो, म्हणजे ‘थांबा’. अक्षर घेऊन झाले की ‘अ‍ॅक्नॉलेज’च्या तारेवर ‘मिळाले’ अशी पोच देतो आणि ‘बिझी’ खाली आणतो. त्यानंतरच पुढचे अक्षर निघते. प्रिंटरची स्मृती भरली, तर तो जागा होईपर्यंत ‘थांबा’ सांगत राहतो.

उत्तराच्या उरलेल्या तीन तारा कागद संपला, प्रिंटर ऑनलाइन आहे आणि काही बिघाड झाला, हे कळवतात. कागद घातल्यावरही छपाई सुरू होत नसेल, तर पुष्कळदा ऑनलाइनचे बटण दाबायचे राहून गेलेले असते.

आधी केबल तपासा

अंक किंवा अक्षरे चुकीची येऊ लागली, तर प्रिंटर मोडीत काढण्याची घाई करू नका. बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर स्वतःची चाचणी घेऊ शकतात. पुष्कळांत लाइन फीडचे बटण दाबून धरून वीज सुरू केली की अक्षरांच्या ओळी छापून येतात. आपल्या प्रिंटरची रीत त्याच्या माहितीपुस्तकात दिलेली असते. या चाचणीत केबलचा संबंध येत नाही. ओळी बिनचूक आल्या, तर प्रिंटरची छपाई ठीक आहे. मग दुसरी केबल लावून पाहा. नव्या केबलने अंक बरोबर आले की दोष सापडला.

केबल काढण्या-घालण्याआधी कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करा. यूएसबीप्रमाणे चालू यंत्रात ती खुपसली, तर पोर्ट जळण्याची भीती असते. साधी केबल दोन-तीन मीटरपेक्षा लांब घेऊ नका. अंतर जास्त असेल, तर १९९४ च्या आयईईई १२८४ मानकानुसार बनवलेली केबल मागा. ती दहा मीटरपर्यंत चालते.

नव्या कॉम्प्युटरला जुना प्रिंटर जोडायचा असेल, तर यूएसबीचे अ‍ॅडॉप्टर मिळते. मात्र हिशेबाचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला असेल, तर तो थेट जुन्या पोर्टाचा पत्ता शोधतो आणि त्याला हे अ‍ॅडॉप्टर दिसत नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून आपल्याच प्रोग्रॅमवर एक बिल छापून घ्या. त्या बिलात शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे अंक असू द्या.