थकवा आला म्हणून गोळी सोडू नका

शेतीच्या पानावर रक्ताचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण अंगात रक्तच नसेल तर खुरपे कोण धरणार?

काही वर्षांपूर्वी पीक पाहणीला गेलो असता एक शेतकरी बांधावर दम खात बसलेला दिसला. एचआयव्हीची औषधे सुरू होऊन त्याला दोन महिने झाले होते. दहा पावले चालले की धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. "साहेब, रोग परवडला पण गोळ्या नकोत," असे म्हणून त्याने आठ दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या. त्रास खरा होता, उपाय मात्र चुकला होता.

महाराष्ट्रात ही औषधे सरकारी एआरटी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. पुण्यात ससूनमध्ये असे केंद्र आहे. सुरुवातीच्या औषधांत झिडोव्ह्युडिन हे एक प्रमुख औषध होते. ते विषाणूला आवर घालते, पण काहींच्या हाडांतील मगजावरही परिणाम करते. तांबड्या पेशी तिथेच तयार होतात. कारखानाच मंदावला की हिमोग्लोबिन घसरते, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर यांनी भागत नाही.

आज नव्या रुग्णांना बहुतेक टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी देतात. तिने रक्ताचा हा त्रास सहसा होत नाही. तरी काहींच्या उपचारात झिडोव्ह्युडिन अजून आहे. शिवाय क्षयरोग, जंत, अपुरा आहार आणि खुद्द एचआयव्ही यांनीही रक्त कमी होते. ऊस पिवळा पडला की आपण डोळे झाकून युरिया टाकत नाही. लोह कमी आहे की पाणी साचले आहे, ते आधी बघतो. इथेही तसेच करा.

धाप, छातीत धडधड, पापणीच्या आतली बाजू पांढुरकी, अशी लक्षणे दिसली की लगेच एआरटी केंद्र गाठा. हिमोग्लोबिन साधारणपणे पुरुषात १३ आणि स्त्रीत १२ ग्रॅमपेक्षा कमी नसावे. औषधाचाच दोष असेल तर डॉक्टर त्याऐवजी दुसरे देतात. आपल्या मनाने मात्र गोळी तोडू नका. अर्धवट फवारणीने कीड निर्ढावते, तसाच हा विषाणूही.

सरपंच, तलाठी आणि आशाताईंनाही एक विनंती. कुणाला तपासणीला जायचे असेल तर जाऊ द्या, पण कशासाठी, याची चावडीवर चर्चा नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, रुग्णाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. माहिती हवी असल्यास १०९७ हा फोन मोफत आहे.

बांधावरच्या त्या माणसाला कुणी वेळेवर एवढेच सांगितले असते, तर त्याने गोळी सोडली नसती. तुमच्या गावात ते सांगणारे तुम्हीच व्हा.