फेरी बंद होते, तोटा बंद होत नाही

तालुक्याच्या एसटी आगारातून संध्याकाळी साडेसहाला सुटणारी गाडी तीस किलोमीटरवरच्या गावी मुक्कामाला जाते आणि सकाळी कॉलेजची मुले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे, बाजारकरी बाया यांना घेऊन परत येते. अशी फेरी चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवताना समोर येतात ते भारमान आणि किलोमीटरमागचे उत्पन्न. हे उत्पन्न किलोमीटरमागच्या खर्चापेक्षा कमी दिसले की फेरी तोट्याची ठरते. हा निर्णय ज्याच्या शिफारशीवर होतो, तो आगार व्यवस्थापक लेखापाल नसतो. गाड्या, माणसे आणि वेळापत्रक हा त्याचा प्रांत. लेखा शाखेकडून आलेला आकडा तो प्रमाण मानतो, आणि तिथेच गफलत होते. आकडा खोटा नसतो, पण वर्षभरात सरासरी काय खर्च झाला एवढेच तो सांगतो. फेरी बंद केली तर काय वाचेल, हे त्यात कुठेच नसते.

उदाहरणादाखल साधे आकडे धरू. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, सरासरी खर्च किलोमीटरमागे 60 रुपये, म्हणजे फेरीचा खर्च 3,600. उत्पन्न 2,400. कागदावर रोजचा तोटा 1,200 रुपये. आता हा खर्च उलगडून पाहा. लिटरला पाच किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरले, तर इंधनाचे किलोमीटरमागे 18 रुपये झाले. टायर, ऑईल, सुट्या भागांचे आणखी 5. साठ किलोमीटरचे झाले 1,380. चालक-वाहकांचा मुक्कामाचा भत्ता 200 धरला, तर एकूण 1,580. फेरी बंद केल्यावर खरोखर वाचतात ते एवढेच. चालक-वाहकांचा पगार चालूच राहतो, आगारातल्या मेकॅनिकचा पगार, इमारतीचा खर्च, मुख्यालयाचा वाटा, गाडीचा घसारा, काहीच थांबत नाही. उलट येणारे 2,400 थांबतात. ‘तोट्याची’ फेरी रोज 820 रुपये स्थिर खर्चाकडे लावत होती. ती बंद केल्याने महामंडळाचा तोटा वर्षाला तीन लाखांच्या घरात वाढला. शिवाय तिच्या वाट्याचा स्थिर खर्च आता उरलेल्या फेऱ्यांवर पडणार. त्यांचा किलोमीटरमागचा खर्च फुगणार, आणि पुढच्या आढाव्यात त्यांतली आणखी एखादी तोट्यात दिसणार.

उत्पन्नाच्या बाजूलाही असेच बारकाईने पाहावे लागते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, आणि या सवलतींची भरपाई राज्य सरकारने करायची आहे. वाहकाच्या पिशवीतली रोकड एवढेच उत्पन्न धरले, तर गावाकडची गाडी आहे त्याहून गरीब दिसते. त्या गाडीने तालुक्याला आलेला माणूस पुढे पुण्याची किंवा संभाजीनगरची गाडी धरतो, ते तिकीट मात्र दुसऱ्या फेरीच्या नावावर जमा होते.

हे गणित नवे नाही, आणि ते केवळ हिशेबनीसांनी शोधलेलेही नाही. अमेरिकेत लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचा कारभार पाहणाऱ्या अल्बर्ट फिंक या इंजिनिअरने 1874 च्या अहवालात रेल्वेचा खर्च फोडून दाखवला. वाहतूक वाढो की घटो, न हलणारा खर्च कोणता, स्थानकावरच्या मालाबरोबर वाढणारा कोणता, गाडी जितके मैल धावेल तितका वाढणारा कोणता, आणि व्याजाचा बोजा किती. फिंक मूळचा पूल बांधणारा माणूस. रूळ, इंजिन आणि माल कसा हलतो हे ठाऊक असल्यामुळेच कुठला खर्च कशाने हलतो हे त्याला दिसले. पुढे 1987 मध्ये जॉन्सन आणि कॅप्लन या अभ्यासकांनी ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ या पुस्तकात तक्रार मांडली, ती नेमकी याच्या उलट प्रवासाची. कारखाना चालवणाऱ्याच्या उपयोगासाठी जन्मलेला हिशेब हळूहळू ताळेबंदाच्या दावणीला बांधला गेला, आणि कामावरच्या माणसाला महिना उलटल्यावर सरासऱ्या मिळू लागल्या.

यावर एक जोरदार आक्षेप आहे. असा हिशेब धरला तर कुठलीच फेरी बंद होणार नाही. प्रत्येक जण म्हणेल, माझी गाडी निदान डिझेल तरी काढते. मग पगार आणि नव्या गाड्यांचे पैसे येणार कुठून? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर मुदतीत आहे. गाडी उभी आहे आणि चालक पगारावर आहे, तोवर वरचे गणित लागू. ती गाडी भंगारात निघून नवी घ्यायची वेळ आली, चालक निवृत्त होऊन नवी भरती करायची झाली, की तोच ‘स्थिर’ खर्च टाळता येण्याजोगा होतो, आणि तेव्हा फेरीने पूर्ण खर्च भरून काढला पाहिजे असे म्हणणे रास्त ठरते. भाडेतत्त्वावरच्या गाडीला किलोमीटरच्या हिशेबाने पैसे मोजायचे असतील, तर चित्र पहिल्या दिवसापासूनच वेगळे. आणि तीच गाडी, तेच कर्मचारी दुसऱ्या मार्गावर रोज 820 हून जास्त मिळवून देणार असतील, तर मुक्कामी फेरी थांबवणे आगाराच्या हिशेबाने बरोबरच आहे. फक्त तो दुसरा मार्ग नाव घेऊन सांगता आला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की ही कामे लेखा शाखेची आहेत, वाहतुकीच्या माणसाने वाहतूक पाहावी. पण डिझेलचे बिल किती झाले हे लेखा शाखेला कळते. कोणत्या जोडीची ड्युटी फेरी कापल्यावर रिकामी राहील, हे आगारातच कळते. टाळता येणारा खर्च या दोन माहित्या एकत्र बसल्याशिवाय निघत नाही. एसटी ही सेवा आहे, तिथे नफ्या-तोट्याची भाषा कशाला, असेही म्हटले जाते. मला तर सेवेसाठीच हा हिशेब हवासा वाटतो. एखादी फेरी डिझेलही काढत नसेल आणि तरी ती गावाला हवी असेल, तर तिच्यापायी रोज नेमके किती रुपये जातात हे सरकारपुढे ठेवता येते. सरासरीच्या आकड्यातून ती रक्कम निघत नाही, आणि मग मदत मागायची की फेरी कापायची याची चर्चा अंदाजावर चालते.

करायचे काम तसे थोडे आहे. फेरीच्या आढाव्याच्या तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत: फेरी बंद केल्यास वाचणारी रक्कम, आणि मोकळी झालेली गाडी कुठे लावणार. ते आगार व्यवस्थापकाने स्वतःच्या हाताने भरावेत, आणि दुसरा रकाना कोरा असेल तर विभाग नियंत्रकांनी तो कागद परत पाठवावा.