कागदावर नातू परदेशीच



डिसेंबरच्या तिकिटांचे फोन सुरू झालेत. दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत, बडोद्यातल्या आपल्या बहुतेक मराठी घरांतलं कोणी ना कोणी बाहेरदेशी आहे आणि नातवंडं तिकडेच जन्मलेली. आपण म्हणतो, "आजीच्या घरी यायचंय, त्याला कसला आलाय व्हिसा!" माझं मत थोडं कडू वाटेल. कागदावर नातू परदेशी पर्यटक आहे, आणि तयारी त्याच हिशेबाने करायची.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. मुलगा-सून तिकडचे नागरिक झाले की भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. कपाटातल्या जुन्या पासपोर्टची मुदत बाकी आहे म्हणून त्यावर येता येत नाही. घरी भेटायला येणाऱ्यांना सोयीचे रस्ते दोन: ई-टुरिस्ट व्हिसा नाहीतर ओसीआय.

ई-व्हिसा ३० दिवसांचा, १ वर्षाचा किंवा ५ वर्षांचा मिळतो. पासपोर्टची मुदत निदान ६ महिने उरलेली हवी, दोन पानं कोरी हवीत. अर्ज निदान ४ दिवस आधी करायचा असतो. मी तर महिनाभर आधी म्हणेन. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइटी वरचे पैसे उकळतात. आणि व्हिसा नाकारला तरी फी परत येत नाही, हे लक्षात ठेवा. नावाचं तर विचारूच नका! पासपोर्टवर माहेरचं आडनाव, तिकिटावर सासरचं, असा घोळ आपल्या मुलींच्या बाबतीत हमखास होतो. पासपोर्टवर अक्षरन् अक्षर जसं आहे तसंच सगळीकडे लिहायचं.

तरी माझा कौल ओसीआयलाच. बाहेरून अर्ज केला तर माणशी २७५ डॉलर, म्हणजे चौघांचे ११००. "वर्षाआड तर येतो, एवढे कशाला?" असं मुलं म्हणतात. आता ऐका. २०२३च्या सप्टेंबरात भारताने कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा बंद केले, ई-व्हिसा सुरू झाला तो नोव्हेंबरात. ओसीआयवाले त्या काळातही येत-जात होते. आमच्या ओळखीच्या एका घरी नेमके तेव्हाच आजोबा आयसीयूत. टोरंटोच्या मुलाकडे ओसीआय होतं, तो दुसऱ्या दिवशी निघाला. नातीचं "पुढच्या वर्षी काढू" म्हणून राहिलेलं. आजोबा चार दिवस तिचंच नाव घेत होते. ती आली, तेव्हा वर्षश्राद्धाच्या गोष्टी चालल्या होत्या. २७५ डॉलरचा हिशेब मी बँकेत आयुष्य काढूनही यापुढे मांडू शकत नाही. २०२०च्या कोविडात ओसीआयवाल्यांनाही काही काळ अडवलं होतं, तेही खरं. पण तेव्हा सगळं जगच बंद होतं.

जावई गोरा असला तरी त्यालाही ओसीआय मिळतं. लग्न नोंदवून दोन वर्षं झालेली हवीत. मुलांचं मात्र सांभाळा. विशीच्या आत दर नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ओसीआयच्या साइटवर चढवायचा, विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टवर कार्ड एकदा नव्याने काढायचं. नातवाच्या बाळपणीच्या फोटोचं कार्ड आणि मिशा फुटलेला नातू, असं काउंटरवर उभं करू नका.

हल्ली येता येता केनियात सफारी करून येतात. तिथून थेट भारतात यायचं तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. नसेल तर आल्या आल्या क्वारंटाईन.

पैशांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोख ५,००० डॉलरच्या वर असेल तर कस्टममध्ये जाहीर करायचं. आणि मागच्या खेपेच्या ५००च्या जुन्या नोटा २०१६च्या आधीच्या असतील तर तिकडेच अल्बममध्ये लावा!

१ ऑक्टोबर २०२५पासून परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी ई-अरायव्हल कार्ड आलंय. उतरण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

ज्यांची मंडळी येणार आहेत त्यांनी आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाला पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा आणि मुदतीची तारीख स्वतः वाचून वहीत लिहा. सून हसेल, हसू द्या.