चिखलातली शर्यत आणि चिखलातला कामगार

बेल्जियम, फ्रान्स या देशांत हिवाळ्यात सायकलींची एक शर्यत होते. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. चिखल, वाळू व चढ असलेला मार्ग मुद्दाम निवडतात, त्यावर आडव्या फळ्या रोवतात आणि सायकल जेथे चालत नाही तेथे स्पर्धक ती खांद्यावर टाकून धावतो. या खेळाचे जागतिक अजिंक्यपद 1950 साली सुरू झाले. या शर्यतीची सायकल आता आपल्याकडील सुखवस्तू वर्गाच्या नजरेत भरली असून, खड्ड्यांच्या रस्त्यावरून रोज कामावर जाण्यास हीच उत्तम, असा सल्ला दिला जातो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील श्रमिकाने या सल्ल्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. युरोपात अडथळे शर्यतीपुरते उभारले जातात. येथे ते बारमाही असतात आणि त्यांच्या निविदाही निघतात!

सल्ल्यात तांत्रिक तथ्य मुळीच नाही असे नव्हे. चिखल अडकू नये म्हणून चाक व सांगाडा यांत ठेवलेली जागा आणि मजबूत बांधणी हे गुण खरेच आहेत. पण आंतरराष्ट्रीय नियमानुसार या शर्यतीच्या टायरची रुंदी 33 मिलिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. आपल्या दूधवाल्याच्या, गिरणी कामगाराच्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटरचा. जे यंत्र कामगाराच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या उभे होते, त्याहून अरुंद टायरचे यंत्र त्यालाच कित्येक पट किमतीत नवलाई म्हणून दाखवायचे, ही बाजारपेठेची किमया होय.

मूळ मुद्दा किमतीचाही नाही. नळाचे पाणी गढूळ, तर घरात फिल्टर बसवा. शाळा शिकवत नाही, तर शिकवणी लावा. वीज जाते, तर इन्व्हर्टर घ्या. आणि रस्ता फुटला, तर जाड टायरची सायकल घ्या. सार्वजनिक कर्तव्यात कसूर करायची आणि तिची भरपाई प्रत्येकाने आपल्या खिशातून करायची, हे नव्या अर्थनीतीचे सूत्र या एका टायरमध्ये सामावले आहे. ज्याचा खिसा रिकामा, त्याने काय करायचे?

हा पट्टा मुळात श्रमिकांचाच. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. अंबरनाथला स्वीडिश भांडवलाची विम्को आली, आयुध निर्माणी आली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, पुढे अंबरनाथ-बदलापूरला औद्योगिक वसाहती. कल्याण ते बदलापूर रेल्वेचे अंतर सुमारे 14 किलोमीटर. म्हणजे या पट्ट्यातले घर आणि या पट्ट्यातला कारखाना यांतील वाट बहुधा सायकलीच्या टप्प्यातली. तरीही पाळी सुटल्यावरचा सायकलींचा तो लोंढा आज दिसत नाही. 'कामगारालाच आता मोटारसायकल हवी,' असे म्हणणारे विद्वान एक गोष्ट सोयीने विसरतात. टँकर आणि डंपर यांच्या मधून सायकल हाकणे म्हणजे जीव गहाण टाकणे. म्हणून तो हप्त्याने मोटारसायकल घेतो आणि पगाराचा एक लचका बँकेला व पेट्रोलपंपाला देतो. हिला निवड म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

शासनाचा कल कराच्या दरांतून दिसतो. 2019 पासून विजेवरच्या मोटारीला वस्तू व सेवा कर 5 टक्के होता. पायाने चालणाऱ्या सायकलीला मात्र 2025 च्या सप्टेंबरपर्यंत 12 टक्के! 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरील कष्टकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. वाहनांची नव्हे, माणसांची वाहतूक सुधारावी, असे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले. प्रत्यक्षात मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यावर सायकलीला प्रवेशच नाही.

डाव्या व समाजवादी चळवळीनेही या प्रश्नाची उपेक्षा केली, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. लोकलसाठी बदलापूरचे प्रवासी रुळांवर उतरले. ऑगस्ट 2022 मध्ये वातानुकूलित गाड्यांविरुद्धच्या असंतोषापुढे रेल्वेला नमावे लागले. तो लढा न्याय्यच होता. पण लोकलचा प्रवासी मुंबईकडे जाणारा. स्थानिक कारखान्यात राबणारा कंत्राटी कामगार आणि शिलाईकामाला जाणारी स्त्री यांच्या रस्त्यासाठी कोणी मोर्चा काढला? हॉलंडमधील सायकलमार्ग ही तिथल्या सपाट जमिनीची देणगी नव्हे. 1970 च्या दशकात मोटारींखाली मुले मरू लागली, तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले. त्यातून ते मार्ग निघाले.

आता पावसाळ्यानंतर रस्त्यांच्या निविदा निघतील. काँक्रीटच्या रुंदीत सायकलीसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी आहे की नाही, हे वॉर्डावॉर्डातील कार्यकर्त्यांनी नकाशा मागवून पाहावे. स्थानकाबाहेर छपराखालचा मोफत सायकलतळ पालिकेकडून मागावा. औद्योगिक वसाहतीतील युनियनांनी पुढच्या मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या खालोखाल सायकल भत्त्याचे कलम घालावे, आणि ते कंत्राटी कामगारालाही लागू व्हावे यावर अडून बसावे. कायम कामगारापुरते ते मान्य करण्यास मालक चटकन तयार होतील.