घरसंसार : बाटलीतले पाणी



शाम्पू-क्रीमच्या वेष्टणावर घटकांची यादी असते. वजनाने जास्त तो घटक आधी. बहुधा पहिले नाव ‘अ‍ॅक्वा’, म्हणजे पाणीच! १९२७ साली चवदार तळ्यासाठी लढलेला आपला समाज आज पाणी असे पुडीतून विकत घेतो!

मात्र हे पाणी क्षार काढून शुद्ध केलेले असते. जंतू वाढू नयेत म्हणून त्यात औषध मापाने घालतात. तेव्हा संपत आलेल्या बाटलीत घरचे पाणी घालून ती आठवडाभर पुरवू नका. औषध पातळ होते, जंतूंना वाव मिळतो. विसळलेले त्याच दिवशी वापरून टाकावे.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाण पट्ट्यात कित्येक विहिरींच्या पाण्यात साबणही धड फेसाळत नाही. तिथे महागड्या शाम्पूपेक्षा पावसाळ्यात पागोळीचे पाणी धरावे, फडक्याने गाळून त्याने केस धुवावेत.